गरम जॉब आणि शिफ्टच्या शेवटची दहा मिनिटं

"सांगितलं होतं सर तुम्ही. सहीपण आहे माझी."

समोर ट्रॉलीत 140 जॉब, म्हणजे मशीनवर कापून काढलेले भाग, रांगेनं लावलेले होते; बेअरिंग बसवायची हाउसिंग. हे बोलणारा राधानगरीकडचा एकवीस वर्षांचा पोरगा हातात प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा, धरून उभा होता. रात्रपाळीत त्यानं एकूण एक जॉब मशीनवरून उतरवल्या उतरवल्या तपासला होता आणि प्रत्येकात गेजची गो बाजू, म्हणजे भोक पुरेसं मोठं असेल तरच आत जाणारी बाजू, सरळ गेली होती. सकाळी डिस्पॅचच्या तपासणीत त्याच जॉबांमध्ये गो बाजू जाईना.

बोअर, म्हणजे ते भोक, 52 मिलिमीटरचा, एच-7 टॉलरन्सचा; टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालतो त्याची मर्यादा. इथं 52.000 ते 52.030, सगळी मिळून मोकळीक 30 मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बिडाचा जॉब आमच्याकडे कोरडाच, कूलंट न सोडता, मशीन होतो, त्यामुळे उतरताना तो चांगला गरम असतो. मापं घेण्याचं जगभरचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस आहे. जॉब 20 अंशांनी जास्त तापला असेल तर 52 चा बोअर साधारण 11 मायक्रॉननी फुगलेला असतो. जवळजवळ एक तृतीयांश टॉलरन्स तिथंच गेला. मशीनचं सेटिंग टॉलरन्सच्या खालच्या मापाकडे होतं, जॉब रात्रभर थंड झाले आणि बोअर आवळले.

हे मीच शिकवलं होतं. ट्रेनिंग रूममध्ये, 41 स्लाइडमधल्या 33 व्या स्लाइडवर, दुपारी जेवणानंतर. पोरानं हजेरीच्या कागदावर सही केली होती आणि ती सही ऑडिटच्या फाइलमध्ये व्यवस्थित लागली होती. त्या सकाळी माझ्या लक्षात आलं की माझं ट्रेनिंग फाइलपर्यंत पोचलंय, मशीनपर्यंत पोचलेलं नाही.

मी कोल्हापूरच्या एमआयडीसी पट्ट्यात मशीन शॉपला आहे. आयटीआय टर्नर म्हणून लागलो, पुढं सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, झालो, आणि गेली अकरा वर्षं नव्या पोरांचं ट्रेनिंग माझ्याकडे आहे. त्या 140 जॉबांनंतर मी पद्धत बदलली. ती इथं सविस्तर लिहितोय, कारण मशीन शॉप असो, दवाखाना असो की पतसंस्थेचं काउंटर, नवीन माणसाला काम शिकवताना अडचणी याच येतात.

ट्रेनिंग कापायला सुरुवात कुठून करायची

आधी ट्रेनिंगचं साहित्य बाजूला ठेवा आणि ज्या कामाचं ट्रेनिंग द्यायचंय तिथं एक अख्खी शिफ्ट उभे राहा. वीस वर्षं काम केलेल्या माणसाकडे कमी बघा, तीन महिन्यांपूर्वी लागलेल्याकडे जास्त. जुन्या माणसाच्या हातात काम इतकं मुरलेलं असतं की तो काय करतो हे त्याला सांगता येत नाही. तीन महिन्यांच्या पोराला मात्र कुठं अडलं होतं ते अजून आठवत असतं. त्याला विचारा, "पहिल्या आठवड्यात तुला कोणी काय सांगायला पाहिजे होतं?" मला या एका प्रश्नातून जेवढं मिळालं तेवढं कुठल्याही मॅन्युअलमधून मिळालं नाही.

मग तुमच्याकडच्या प्रत्येक मुद्द्याला एकच कसोटी लावा: हे त्याला उद्या माहीत नसेल तर काय होईल? जॉब बिघडेल, माणसाला लागेल किंवा मशीन बंद पडेल, असं उत्तर आलं तर मुद्दा ठेवायचा. "काही नाही, पुढं कधीतरी कळेल" असं आलं तर तो पुढच्या महिन्यासाठी. माझ्या 41 स्लाइडमध्ये कंपनीचा इतिहास होता, गेजचे सात प्रकार होते, मायक्रोमीटर कोणी शोधला हेसुद्धा होतं. सगळं खरं होतं आणि मला मनापासून आवडायचं. पण त्या मशीनवरच्या पोराला उद्या एकच गेज वापरायचा होता.

डोक्यात एका वेळी किती मावतं यावर बरंच संशोधन झालंय. नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञानं 2001 मध्ये मांडलेला अंदाज सुमारे चार गोष्टींचा आहे. मला हा आकडा शॉप फ्लोअरवर पटतो. एका बैठकीत चारच्या वर मुद्दे गेले की पोरं मान हलवायला लागतात, आणि ती मान "कळलं" म्हणून हलत नसते, "आता पुरे" म्हणून हलत असते.

आमच्याकडच्या तालमीतही वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी सगळे डाव दाखवत नाही. आधी जोर-बैठका, मग एक पकड, आणि ती पकड अंगात उतरेपर्यंत तीच. तालमीत हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. कारखान्यात का द्यावं लागतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

एक कागद, तीन रकाने

आता प्रत्येक कामासाठी माझ्याकडे एकच कागद असतो. डावीकडे काय करायचं, मधे ते करताना काय जपायचं, उजवीकडे का. प्लग गेजचा कागद असा आहे. पहिलं, जॉब रॅकवर ठेवून थंड होऊ द्यायचा. हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. कारण गरम बोअर फुगलेला असतो. दुसरं, बोअर आणि गेज दोन्ही पुसायचे; कडेचा बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, बोटानं नाही, कपड्यानं बघायचा; कारण धातूची एक बारीक चिप अडकली तरी गेज खोटं बोलतो, आणि बर बोट कापतो. तिसरं, लांब बाजू म्हणजे गो, ती स्वतःच्या वजनानं आत गेली पाहिजे. दाबायचं नाही, फिरवून घुसवायचं नाही. कारण दाबलं तर लहान बोअरसुद्धा पास होतो. चौथं, लाल खूण असलेली आखूड बाजू म्हणजे नो-गो, ती आत जाता कामा नये. गेली तर जॉब लाल ट्रेमध्ये आणि सेटरला हाक.

एवढंच. मायक्रॉन नाही, एच-7 नाही, प्रसरणाचा गुणांक नाही. ते सगळं पोरं पुढं स्वतःहून विचारतात, आणि विचारलं की मी भरभरून सांगतो.

"का" हा रकाना मात्र कधीही कापू नका. सोपं करायचं म्हणून लोक आधी कारणंच काढून टाकतात आणि नुसते हुकूम ठेवतात. हुकूम घाईच्या वेळी सगळ्यात आधी मोडतात. त्या रात्री पोराला "जॉब थंड होऊ दे" हा हुकूम अर्धवट आठवत असेलही, पण टार्गेट अंगावर होतं आणि थांबून नेमकं काय वाचतं ते त्याला ठाऊक नव्हतं. कारण माहीत असलेला माणूस घाई करतानाही कुठं घाई करायची नाही हे स्वतः ठरवतो.

कागदावरची भाषा पोरांच्या तोंडातली हवी. माझ्या पहिल्या कागदावर "तापमान स्थिरीकरण" असा शब्द होता. एका पोरानं तो खोडून "गार कर" लिहिलं, तेव्हापासून तेच आहे. बिहार-ओडिशाकडच्या मुलांसाठी तोच कागद हिंदीत केलाय, आणि हिंदीही त्यांच्यातल्याच एकाकडून लिहून घेतली.

दाखवायचं कसं

कागदाची ही मांडणी मुळात माझी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कसबी कामगार फौजेत गेले आणि कारखाने नवख्या माणसांनी भरले, त्यांत बायकाही मोठ्या संख्येनं होत्या. त्यांना झटपट तयार करायला 1940 मध्ये सुरू झालेली 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची सरकारी व्यवस्था कामी आली. 1945 पर्यंत 16 लाखांहून जास्त लोकांना तिची प्रमाणपत्रं मिळाली. युद्धानंतर हीच पद्धत जपानला गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांत रुजली. शिकवणाऱ्याच्या खिशात एक छोटं कार्ड असायचं. त्यावर चार पायऱ्या होत्या: माणसाची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मागून लक्ष ठेवा. खाली एक ओळ होती, तिचा अर्थ असा की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. ही ओळ मी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. बाहेर लावली असती तर ती पोरांसाठी वाटली असती. ती माझ्यासाठी आहे.

मी दाखवताना तीन फेऱ्या करतो. पहिल्या फेरीत तोंड बंद, नुसते हात. पोराला माझ्या समोर उभं करत नाही, शेजारी घेतो, म्हणजे त्याला डावं-उजवं उलटं दिसत नाही. दुसऱ्या फेरीत तेच काम, पण जपायच्या गोष्टी बोलून. तिसऱ्या फेरीत कारणं. मग गेज त्याच्या हातात. तोही तीनदा करतो: आधी गुपचूप, मग जपायच्या गोष्टी सांगत, मग कारणं सांगत. तिसऱ्या वेळी तो कारण चुकीचं सांगतो तेव्हाच मला कळतं की त्याच्या डोक्यात काय बसलंय. एक पोरगा म्हणाला होता, "गरम जॉबानं गेज खराब होतो म्हणून थांबायचं." कृती बरोबर, कारण चुकीचं. तो उद्या चांगला गेज वाचवण्यासाठी जुना गेज घेऊन गरम जॉब मापेल. नुसती कृती बघून मी "शाबास" म्हणून निघून गेलो असतो.

हे सगळं 20 मिनिटांत होतं. पूर्वी माझं ट्रेनिंग अर्धा दिवस चालायचं.

शिफ्टच्या शेवटची दहा मिनिटं

पण कागद आणि फेऱ्या एवढ्यावर पोरं पहिल्या आठवड्यात बरी करायची आणि तिसऱ्या आठवड्यात घसरायची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता. पाठ केलेली निरर्थक अक्षरं तासाभरात निम्म्याहून जास्त आणि एका दिवसात दोन तृतीयांश निसटली. आपलं काम निरर्थक नसतं, त्यामुळे ते इतक्या वेगानं जात नाही, पण सगळ्यात मोठी गळती पहिल्या काही तासांतच होते, हे मला रोज दिसत होतं. म्हणजे शिकलेलं त्याच दिवशी एकदा डोक्यातून वर काढायला हवं होतं.

मला धीर आला तो बेंगळुरूच्या विप्रोमध्ये झालेल्या एका अभ्यासामुळे. तिथं ग्राहकसेवेच्या नव्या कर्मचाऱ्यांपैकी एका गटाला रोज शेवटची 15 मिनिटं, सलग 10 दिवस, आज काय शिकलो यावर विचार करून लिहायला लावलं. दुसरा गट तेवढा वेळ कामच करत राहिला. शेवटच्या परीक्षेत लिहिणारा गट सुमारे 23 टक्क्यांनी पुढे होता. कामाचा वेळ कमी होऊनही. हा आकडा मी आमच्या प्रॉडक्शनवाल्यांपुढे ठेवला आणि दहा मिनिटं मिळवली.

ती दहा मिनिटं शिफ्टच्या आतली हवीत, हे पक्कं करून घ्या. सुटल्यावर ठेवलीत तर पोरांचं लक्ष बसकडे असतं, आणि ते बरोबरच आहे. त्यांचा वेळ आहे तो. आमच्याकडे मशीन पुसायला लागायच्या आधी ही दहा मिनिटं होतात. मशीन बंद, वही उघडी.

प्रश्न कोणते, यावर माझं पहिलं वर्ष गेलं. "आज काय शिकलास?" याला उत्तर येतं, "सगळं समजलं सर." "काही अडचण?" याला येतं, "नाही सर." शाळेतल्या सवयीनं पोरं बरोबर उत्तर शोधतात. म्हणून प्रश्न असे पाहिजेत की ज्यांना बरोबर उत्तरच नसतं. माझे सध्याचे तीन आहेत. आज हात कुठं थांबला? कुठला जॉब दोनदा बघावा वाटला, आणि का? उद्या तेच काम करताना एक गोष्ट कुठली बदलणार? तिसऱ्या प्रश्नात "एक" हा शब्द ठासून सांगा. चार गोष्टी बदलायला निघालेला माणूस एकही बदलत नाही.

त्या राधानगरीच्या पोराची वही मी त्याच्या परवानगीनं वाचली होती. एका पानावर होतं: "आज 6 वाजता गेज गेला नाही. दाबणार होतो. मग पुसला. चिप होती. गेला. उद्या आधी पुसणार, मग बघणार." अठरा शब्द. पण "दाबणार होतो" हे त्यानं लिहिलं यातच सगळं आलं. स्वतःचा हात चुकीकडे जाताना त्याला दिसला आणि तो थांबला. असं वाक्य वहीत आलं की मी त्या पोराच्या मागं उभं राहणं कमी करतो.

ज्यांना लिहायला जड जातं त्यांना लिहायला लावू नका. काही जण मला मोबाईलवर आवाजात निरोप पाठवतात, एक जण जॉबचं चित्र काढून बाण मारतो. डोकं मागं वळून बघतंय ना, एवढंच पाहायचं. सिंह चार पावलं चालून मागं वळून बघतो, म्हणून आपल्याकडे सिंहावलोकन म्हणतात. जपानी कारखान्यांत यालाच जवळचा शब्द आहे, हान्सेई, आणि तिथं काम चांगलं झालं तरी ते करतात. हे मला फार पटलं. चुकलं त्याच दिवशी वही काढली तर वही म्हणजे शिक्षा होते.

वही कोणाची

इथं आमचं एकदा पार बिघडलं. एका सुपरवायझरनं दोन पोरांच्या वह्या वाचल्या आणि सकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "हे काय लिहिलंयस, तू जॉब दाबून पास करत होतास?" पुढचे दोन आठवडे सगळ्या वह्यांत एकच ओळ: "आज सर्व ठीक." मला ते तीन शब्द वाचून जेवढं वाईट वाटलं तेवढं 140 जॉबांनीसुद्धा वाटलं नव्हतं. जॉब रिवर्क होतात, पुन्हा मशीनवर चढवून दुरुस्त होतात. हा विश्वास परत बसायला चार महिने लागले.

तेव्हापासून नियम लेखी आहे. वही पोराची. ती फाइलला लागत नाही, पगारवाढीत येत नाही, ऑडिटरला दाखवली जात नाही. मीसुद्धा विचारून वाचतो. शुद्धलेखन कोणी तपासत नाही. तुमच्या वरच्या माणसाला हे मान्य नसेल तर वह्या सुरूच करू नका, नुसतं तोंडी विचारा. धाकाखाली केलेलं सिंहावलोकन माणसाला लपवायला शिकवतं.

गटानं बसायचं असेल, एखादा लॉट, म्हणजे जॉबांची अख्खी खेप, बिघडून गेला असेल, तेव्हा मी चार प्रश्न वापरतो: काय व्हायला पाहिजे होतं, खरं काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय. अमेरिकी लष्करात सरावानंतर अशी बैठक 1970 च्या दशकापासून होते आणि तिथं हुद्दा बाजूला ठेवून बोलायचा रिवाज आहे. आमच्याकडे मी सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. 33 व्या स्लाइडची गोष्ट दर नव्या तुकडीला सांगतो. साहेबानं आधी सांगितलं की मग बाकीचे बोलतात.

परत विचारणं

तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्यानं मी मशीनवर जातो आणि कागद झाकून विचारतो, "गेज कसा लावतोस, सांग." पुन्हा शिकवत नाही, आधी त्याला आठवू देतो. शांतता लांबली तरी मी तोंड उघडत नाही, आणि शिकवणाऱ्यासाठी हे सगळ्यात अवघड काम आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे गेले. आपण पुन्हा सांगतो तेव्हा माणसाला ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे.

ऑडिटसाठीही हेच उपयोगी पडतं. आयएसओ 9001 या दर्जाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत, ट्रेनिंगसारखे उपाय केले की त्यांचा उपयोग झाला का हे तपासायला सांगितलंय. नुसत्या हजेरीनं ते सिद्ध होत नाही. मी महिन्याच्या भेटीची तारीख, पोरानं काय करून दाखवलं आणि कुठं अडला, एवढं माझ्या रजिस्टरला लिहितो. ऑडिटरला ते पुरतं.

एका ठिकाणी मात्र ही पद्धत वापरू नका. जिथं चूक झाली तर हात जाईल किंवा जीव जाईल, तिथं "करून बघ, मग विचार कर" चालत नाही. मशीनचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावणं, क्रेनखाली न उभं राहणं, फाउंड्रीत वितळलेल्या धातूजवळ ओलं काही न नेणं, हे रोज घोकून, रोज हातानं करून अंगवळणी पाडायचं. तिथंही कारण सांगा, पण पोराला स्वतः अनुभव येण्याची वाट बघू नका.

सुरुवात करणार असाल तर एकच काम आणि दोनच पोरं निवडा. सगळ्या विभागांना एकदम वह्या वाटू नका. चाळीस पानी वही घ्या, खिशात मावेल अशी. मोठी वही तेलकट हातानं उघडायला नको वाटते. आणि पेन मशीनशेजारच्या टेबलाला दोरीनं बांधून ठेवा. दोरी हातभर ठेवा, वही मांडीवर घेऊन लिहिता येईल इतकी. दोरी आखूड असली की पोरं उभ्या उभ्या एक ओळ खरडतात. आम्ही ती लांब केली त्या आठवड्यापासून पानं भरायला लागली.